विहीर खोदकामातील अपघात

विहीर खोदताना, ती खोल करताना किंवा तिचा गाळ काढताना मजुरांना होणाऱ्या इजा व मृत्यू यांना विहीर खोदकामातील अपघात म्हणतात. परभणी जिल्ह्यातील झरी व परिसरासारख्या मराठवाड्याच्या शेतीप्रधान भागात हा प्रश्न सिंचनाशी निगडित आहे.

बेसाल्ट खडकाच्या या प्रदेशात वर काळी माती, खाली मुरूम व त्याखाली कातळ असे थर आढळतात. काळी माती ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खोदकाम बहुधा उन्हाळ्यातच चालते; भेगांत वळवाचे पाणी मुरले की बांधकाम न झालेली कड ढासळते. एक घनमीटर माती सुमारे दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला मनुष्य डोके मोकळे असूनही गुदमरतो, कारण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर माती अधिक आवळत जाते. उपसलेली माती काठावरच रचल्याने हा भार वाढतो. ती काठापासून किमान १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांपैकी जे अधिक असेल तेथे टाकणे सुरक्षित मानले जाते.

कातळात सुरुंग लावले जातात. न उडालेल्या सुरुंगाच्या छिद्रात पुन्हा पहार घातल्यास स्फोट होतो. यारीचा दोर तुटणे, भरलेल्या टोपल्यातून दगड निसटणे हेही नेहमीचे धोके होत.

गाळ काढण्याचे काम सोपे समजले जाते, ते तसे नाही. विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनामुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. पेटता दिवा आत सोडण्याची जुनी रीत प्राणवायूची कमतरता दाखवते, हा वायू मात्र दाखवत नाही. बेशुद्ध पडलेल्यास काढण्यासाठी उतरलेले लोकही त्याच हवेत सापडतात. म्हणून एकाच विहिरीत अनेक बळी जातात.

इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ हा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी करण्यात आला. विहिरीवरची टोळी बहुधा याहून लहान असते. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या विहिरींवर जखमी झालेल्या मजुरास २००५ च्या केंद्रीय कायद्याने मोफत उपचाराचा हक्क दिला. खाजगी विहीर मात्र गुत्त्याने दिली जाते आणि नुकसानभरपाईच्या वेळी मालक शेतकरी की गुत्तेदार, हाच वाद उभा राहतो.