आवाज ऐकू येतात, तेव्हा उपचार बोलण्यानेही होतो

रात्र-रात्र जागणारा मुलगा एके दिवशी म्हणतो, ‘अम्मी, शेजारचे माझ्याबद्दल बोलतायत.’ समोर कुणी नसताना उत्तरं देतो. आपल्या कितीतरी घरांत तेव्हा पहिला शब्द निघतो तो ‘असर’ किंवा ‘नजर’. मग आमिल, तावीज, दर्गा. मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर सगळ्यात शेवटी.

डॉक्टर या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. बहुतेकांना औषध लागतं आणि ते आपल्या मनाने बंद करून चालत नाही. पण गोळीने आवाज मंदावला तरी भीती, संशय आणि लाज उरतेच. त्यासाठी सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी आहे. अमेरिकेतले डॉक्टर ॲरन बेक यांनी भ्रम असलेल्या रुग्णावर बोलून केलेल्या उपचाराची नोंद १९५२ मध्येच छापली होती. आज इंग्लंडची अधिकृत मार्गदर्शिका स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला औषधासोबत सीबीटीच्या किमान १६ बैठका सुचवते.

अडचण अशी की ही थेरपी घडली पाश्चात्य देशांत. रुग्ण एकटा येतो, स्वतःचे निर्णय स्वतः घेतो, असं तिथे धरून चाललेलं असतं. आपल्याकडे सोबत अम्मी येते, मामू येतात, आणि औषध चालू ठेवायचं का हे घरात ठरतं. थेरपिस्टने पहिल्याच दिवशी ‘जिन्न वगैरे काही नसतं’ म्हटलं, तर दुसऱ्या बैठकीला कुणी फिरकत नाही.

इंग्लंडमध्ये शनाया राठोड, डेव्हिड किंग्डन आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियन, आफ्रिकी तसेच पाकिस्तानी-बांगलादेशी मुस्लिम रुग्णांचं ऐकून थेरपीत बदल केले. २०१३ मध्ये छापून आलेली त्यांची चाचणी अगदी छोटी होती, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा फायदा जास्त दिसला. पुढे फारूक नईम यांच्या गटाने कराचीतल्या दोन रुग्णालयांत ११६ रुग्णांवर चाचणी घेतली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. बैठका फक्त सहा, आणि एक खास घरच्यांसाठी. तिथेही फरक पडला. दवाखान्याच्या एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते अशा घरांसाठी १६ आणि ६ मधलं अंतर फार मोठं आहे.

मग बदललं काय? शरीर, मन आणि घरची परिस्थिती यांच्या जोडीला रुग्णाची रूहानी समजूतही विचारात घेतली जाते. थेरपिस्ट जिन्नावर वाद घालत नाही, नुसती मानही डोलवत नाही. तो विचारतो: आवाज कधी वाढतो? झोप झाली नाही तर? भांडणानंतर? समजा आवाज म्हणतो, ‘भाभीने जेवणात काहीतरी घातलंय.’ तेच जेवण आणखी कुणी खाल्लं, त्यांना काय झालं, हे रुग्णासोबत बसून तपासायचं. ‘तुझा वहम आहे’ म्हणून उडवून लावायचं नाही. हे घरच्यांनाही शिकता येतं.

मनात वसवसा आला एवढ्याने गुनाह होत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. घाणेरडे आवाज ऐकून स्वतःला नापाक समजणाऱ्या माणसाला ही आठवण फार मोठा आधार देते, आणि ती एखाद्या समजदार आलिमने करून दिली तर जास्त पटते. दुआ करा, दम करून घ्या, आमची ना नाही. पण जो आमिल गोळ्या बंद करायला सांगतो, मारतो किंवा बांधून ठेवतो, त्याच्याकडून तिथल्या तिथे उठून या. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, सायकोसिससाठी सीबीटी करतात का, हे स्पष्ट विचारा. रुक्या, तावीज काय केलं ते पहिल्याच भेटीत सांगून टाका. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसवता येतात का, तेही डॉक्टरांनाच विचारा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. मात्र आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, माणसाला एकटं सोडू नका. थेट इस्पितळ गाठा.