आधी सांडपाणी, मग टाइल्स

ब्रिस्टलच्या जुन्या घरांत बाथरूम कुठे असेल याचा अंदाज बांधू नये. बेडमिन्स्टर, टॉटरडाउन, बिशप्स्टन या भागांत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, एकमेकांना चिकटून उभी असलेली ओळीची घरं आहेत. त्यातल्या बहुतेक घरांत मुळात बाथरूम नव्हतीच. संडास मागच्या अंगणात असे. पुढे कुणी वरची एखादी खोली त्यासाठी दिली, कुणी स्वयंपाकघराच्या मागे नवी खोली जोडली. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं. म्हणजे रात्री उठायचं, अरुंद उभा जिना उतरायचा आणि स्वयंपाकघर ओलांडून जायचं. पुण्याहून आई येऊन राहू लागली तेव्हा हे चालण्यासारखं नव्हतं. वरच्या बेडरूमला अटॅच्ड बाथरूम काढायचं ठरलं. त्यासाठी देता येण्याजोगी जागा होती १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब.

घरात चर्चा सुरू झाली ती टाइल्सच्या रंगावरून. प्लंबर आला आणि खोलीकडे न बघता थेट मागच्या अंगणात गेला. भिंतीवरून खाली उतरणारा जाड काळा पाइप त्यानं टॉर्च मारून पाहिला. हा मैलापाण्याचा मुख्य पाइप. कमोडमधून तिथवर जाणारा पाइपही ११० मिलिमीटर जाडीचा लागतो. तो मनाला येईल तसा वळवता येत नाही. कमोड या पाइपाच्या जितका जवळ, तितकं काम सोपं.

आमची पहिली पसंती पुढच्या मोठ्या बेडरूमला होती. ती साध्या गणितानं बाद झाली. सांडपाण्याच्या पाइपाला मीटरमागे किमान १८ मिलिमीटर ढाळ लागतो. पुढच्या खोलीपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर सात मीटर, म्हणजे नुसता ढाळच सव्वाशे मिलिमीटर. आमच्या लाकडी जमिनीखालच्या आडव्या तुळया, ज्यांना इथे जॉइस्ट म्हणतात, त्यांची उंची १७५ मिलिमीटर. त्यात दुर्गंधी अडवणारा ट्रॅपही बसवायचा. शिवाय शॉवरच्या ४० मिलिमीटरच्या पाइपाला वेगळी हवा न देता तीन मीटरपलीकडे नेऊ नये, असं इथली नियमावली सांगते. मैला दळून पंपानं बारीक पाइपातून ढकलणारं मॅसरेटर नावाचं यंत्र मिळतं. पण ते रात्री घरभर ऐकू येतं, आणि घरात ढाळावर चालणारा दुसरा संडास असेल तरच त्याला परवानगी मिळते. आम्ही मागच्या खोलीवर आलो.

मग फळ्या उचकटून तुळयांची दिशा पाहिली. तुळईला भोक पाडायचं तर ते तिच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाहून मोठं चालत नाही. आमच्याकडे ही मर्यादा जेमतेम ४४ मिलिमीटर, आणि ४० चा पाइप बाहेरून ४३ भरतो. भोक तुळईच्या बरोबर मध्यावरच हवं, त्यामुळे ओळीनं चार-पाच तुळया भेदत गेलं तर पाइपाला ढाळ मिळणार कुठून? आमच्या नशिबानं तुळया पुढून मागे जाणाऱ्या निघाल्या. पाइप दोन तुळयांमधून सरळ मागच्या भिंतीकडे नेता येत होता. बाथरूमची लांब पट्टी शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीला लागून, तुळयांना समांतर बसवायची, हे तिथेच ठरलं. कमोड मागच्या भिंतीला, शॉवर आतल्या टोकाला.

ट्रॅपला एवढी खोली का लागते, याचं उत्तर इथून जवळच सुरू होतं. ब्रिस्टल आणि बाथ यांच्या मधल्या केल्स्टन गावचे सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ मध्ये फ्लशच्या संडासाचं वर्णन छापलं. ती युक्ती तेव्हा रुजली नाही. नळीला बाक देऊन त्यात पाणी अडवायचं आणि दुर्गंधी थोपवायची, या रचनेचं पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये घेतलं. तोच अडवलेल्या पाण्याचा थर आज शॉवरच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर ठेवतात. खाली जागा नसेल तर शॉवरचा ट्रे उचलावा लागतो आणि पायरी तयार होते. म्हाताऱ्या माणसाच्या बाथरूममध्ये पायरी नको, म्हणून आम्ही तुळयांच्या दिशेला एवढं महत्त्व दिलं.

नंतर आली आखणी. कागदावर सगळंच बसतं. आम्ही बेडरूमच्या जमिनीवर मास्किंग टेपनं बाथरूम आखलं. प्रत्येक भिंतीवर बोर्ड, चिकटवणी आणि टाइल मिळून साधारण २५ मिलिमीटर जातात, तेही धरले. शॉवरला ८०० मिलिमीटर आणि भिंतीत टाकी दडवलेल्या आखूड कमोडला, त्या खोट्या भिंतीसकट, ७०० दिले. मध्ये आठशे-साडेआठशे उरले. तिथे दारासमोर, भिंतीपासून जेमतेम पाव मीटर पुढे येणारं छोटं बेसिन. कमोडवर बसणाऱ्याचे गुडघे, शॉवरमधून निघून अंग पुसणारा आणि बेसिनवर वाकणारा, तिघांची मोकळी जागा एकच. छोट्या बाथरूमचं कसब एवढंच असतं.

कमोडच्या जागी खुर्ची ठेवून आईला बसवलं. तिनं पहिल्यांदा डावा हात लांब केला.

"तांब्या भरायला बेसिनचा नळ इथून लागला पाहिजे," ती म्हणाली. "आणि या टीचभर नळाखाली तांब्या शिरेल का रे?"

शिरत नव्हता. उंच मानेचा नळ यादीत गेला. भारतात सर्रास दिसणारा जेट स्प्रे इथे कमोडशेजारी थेट मुख्य पाण्याला जोडता येत नाही. स्प्रेचं तोंड भांड्यातल्या पाण्यात गेलं आणि दाब उलटला तर घाण पिण्याच्या पाण्यात ओढली जाईल, म्हणून १९९९ च्या पाणीजोडणी नियमांनुसार त्याला हवेचं अंतर राखणारी वेगळी टाकी लागते. आमच्या दीड वावाच्या खोलीत तांब्याच परवडला.

आईचा दुसरा प्रश्न होता, "फरशीला ढाळ कुठेय? धुवायची कशी?" इथली बाथरूमची जमीन कोरडी असते, ढाळ असतो तो फक्त शॉवरच्या ट्रेला. पूर्ण ओलं बाथरूम करता येतं, पण लाकडी जमिनीवर सगळीकडे जलरोधक थर आणि ढाळाचा पाट बसवावा लागतो. खर्च वाढतो, आणि गळती झाली तर खालचं छत जातं. आम्ही ट्रेवरच थांबलो, मात्र तो जमिनीच्या पातळीला घेतला. बसून अंघोळ करायला घडीची बैठक आणि आधाराचा दांडा हवा होता. पोकळ भिंतीत स्क्रू धरत नाही. म्हणून बोर्ड लावण्याआधीच त्या ठिकाणी मागे जाड प्लायवुड ठोकून घेतलं. दार सरकतं केलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं.

या खोलीला खिडकी नाही. सेकंदाला १५ लिटर हवा ओढणारा पंखा लागतो, आणि दिवा बंद केल्यावरही तो १५ मिनिटं चालू राहावा लागतो. त्याची वाट मागच्या भिंतीतून. ती भिंत इथल्या पेनंट वाळूच्या दगडाची, हातभर जाड. हिऱ्याच्या दातांचं ड्रिल लावून भोक पाडलं. वीजतारा आणि नव्या सांडपाण्याची माहिती नगरपालिकेच्या बांधकाम तपासणी विभागाला द्यावीच लागते. झाकण्याआधी पाइप दाखवणं आपल्याच हिताचं असतं.

टाइल्स सगळ्यात शेवटी निवडल्या, आणि तेही पाणी पाहून. बऱ्याच अंशी मेंडिप डोंगरांच्या चुनखडीतून आलेलं ब्रिस्टलचं पाणी जड आहे. काळ्या टाइलवर आणि काचेवर त्याचे पांढरे डाग लगेच उमटतात. आम्ही फिकट राखाडी टाइल घेतली.

अटॅच्ड बाथरूम काढायचं मनात असेल, लंडनमध्ये असो की नाशिकच्या जुन्या वाड्यात, तर टाइल्सच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. आधी मैलापाण्याचा पाइप शोधा, जमिनीत ढाळाला जागा किती ते मोजा, कमोड तिथे टेकवा. मग जमिनीवर टेप लावा आणि जी व्यक्ती ते बाथरूम रोज वापरणार आहे तिला त्यात बसवून पाहा. नकाशावरच्या दुरुस्त्या ती तुमच्यापेक्षा लवकर सांगेल.