मिस्सेतले उत्तर कोणाचे?

मिस्सा ही कॅथलिक समाजाची मुख्य उपासना. तिच्यात भाविकाचा सहभाग कशाने होतो, तोंडाने उत्तर देऊन की मनाने लक्ष लावून? जुनी लॅटिन मिस्सा आणि आजची लोकभाषेतली मिस्सा यांच्याविषयीचा वाद अखेर या प्रश्नापाशी येतो. मी देवळ्याचा. वारकरी कीर्तनाचा अभ्यास करता करता या विषयाकडे वळलो, म्हणून तो मी सप्ताहाच्या मांडवातून पाहतो.

पोप पाचवे पायस यांनी 1570 मध्ये प्रमाण ठरवलेला मिस्साविधी सुमारे चारशे वर्षे चालला. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभा राही आणि मुख्य प्रार्थना अगदी हलक्या आवाजात म्हणे. त्याच्या वाक्यांना लॅटिन उत्तरे देई तो वेदीसेवक, पुष्कळदा पाठांतर केलेला एखादा मुलगा. लोक गुडघे टेकून असत. कोणी जपमाळ ओढी. घंटा वाजली की माना वर होत आणि उंचावलेल्या पवित्र भाकरीकडे सारे पाहत. उत्तर समाजाचे, पण ते देणारा दुसराच.

म्हणून लोक मुके होते असे मात्र नव्हे. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ नवख्रिस्ती समाजात वाचला आणि गायला जाई. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना त्यांच्याच छंदात नवी कथा मिळाली. म्हणजे वेदीवर लॅटिन आणि लोकांच्या ओठी मराठी, असे दोन प्रवाह शेजारी वाहत होते. वेदीपाशी मात्र मराठीला जागा नव्हती.

ही भिंत हळूहळू खचली. पोप दहावे पायस यांनी 1903 मध्ये, चर्चसंगीताविषयीच्या आदेशात, भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि हाच सहभाग सुधारणेचे मुख्य सूत्र ठरला. लोकभाषा आल्या, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला, वेदीसेवकाचे उत्तर सर्वांचे झाले. भारतासाठी 1969 मध्ये बारा बाबींना रोमची मान्यता मिळाली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, हात जोडून नमस्कार करणे आणि आरती यांना त्यामुळे मिस्सेत स्थान मिळाले.

जुन्या पद्धतीचे पक्षपाती म्हणतात की धर्मगुरू पाठमोरा नव्हता, तो आणि लोक एकाच दिशेला पाहत होते. वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही; दिंडीत सगळ्यांची तोंडे पंढरपूरकडेच असतात. परिषदेचा दस्तऐवज नीट वाचला तर त्यात लॅटिन हद्दपार केलेली नाही. लोकांना आपले भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत, असे तो सांगतो. सहभागाच्या साधनांत तो उत्तरे, गाणी आणि हालचाली यांच्याबरोबर योग्य वेळचे मौनही मोजतो. पुढे पोप बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये जुन्या विधीला मोकळीक दिली, तर पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये ती आवळली. वाद मिटलेला नाही.

आमच्याकडे सप्ताहात कीर्तनकार अभंगाचे चरण घेतो आणि टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. पण विण्याचा पहाराही असतो. रात्री दोनला वीणा गळ्यात घालून उभा राहणारा माणूस मोठ्याने गात नसला, तरी सप्ताह त्याच्याशिवाय खंडित होतो. तो सहभागी नाही असे कोण म्हणेल? उलट ध्वनिक्षेपकावर दोन कसलेले गायक गात असले की शंभर माणसे खुर्च्यांवर बसून नुसती ऐकतात. अवघड चालींची गाणी निवडणारा गायनवृंद चर्चमध्येही हेच करू शकतो. मग उत्तर पुन्हा दुसऱ्याचेच होते, फक्त भाषा मराठी असते.

म्हणून माझ्या मते भाषांतर ही सुधारणेची पहिली पायरी होती. ती आवश्यकच होती, कारण न समजणाऱ्या शब्दाला माणूस आपले उत्तर देऊ शकत नाही. खरी कसोटी त्यापुढची आहे. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला सहज म्हणता येईल अशी चाल आहे का, आणि ती गप्प राहिली तर त्या गप्प राहण्यालाही विधीत जागा आहे का? चर्च असो की मांडव, या दोन प्रश्नांवरून तिथली उपासना कोणाची आहे ते कळते.