जागल्या घरच्यांवरच उलटला तर

वावरात चणा उभा असला की रात्री जागल करावी लागते. रोही येतात, रानडुकरं येतात. आपल्या शरीरातही असाच एक जागल्या आहे. तो रक्तात फिरतो, बाहेरून आलेले रोगजंतू ओळखतो आणि मारतो. डॉक्टर त्याला प्रतिकारशक्ती म्हणतात.

पण कधी कधी हा जागल्या घरच्यालाच चोर समजतो. मग तो आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर हल्ला करतो. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, असा आमवात पुष्कळ बायांना असतो. तो याच जातीचा रोग. असे रोग पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतात.

आता दुसरा रोग पाहू. गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. त्यांचा कॅन्सर मोठा लबाड असतो. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तपासणीत आधी सापडू शकतो. अंडाशयाचा आधीच पकडून देईल अशी खात्रीची तपासणी अजून निघालेली नाही. पोट फुगतं, दोन घासांत पोट भरतं, ओटीपोट दुखतं, लघवीला वारंवार जावं लागतं, एवढीच काय ती खूण. बाई म्हणते, गॅस झाला असेल.

मग ज्या बाईचा जागल्या आधीच तापट, तिला हा कॅन्सर झाला तर ती जास्त जगेल का कमी?

2003 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी एक पाहणी छापली. अंडाशयाचा कॅन्सर वाढलेल्या बायांच्या 186 गाठींचे नमुने त्यांनी पाहिले. ज्यांच्या गाठीत जागल्याच्या पेशी शिरलेल्या होत्या, त्यांच्यापैकी शंभरात 38 जणी पाच वर्षांनंतर जिवंत होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यातल्या शंभरात पाचही नव्हत्या. केवढा हा फरक!

यावरून वाटेल, आमवातवालीचं बरं आहे. तसं मात्र नाही. सांध्यांना झोडपणारा जागल्या गाठीलाही ओळखेलच असं नाही. शिवाय आमवाताच्या काही गोळ्या या जागल्याला दाबून ठेवतात. दुखण्याने मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल, तर कॅन्सरचं औषध पूर्ण मात्रेत सोसत नाही. आणि पोट वाढलं तर तीच बाई म्हणते, गोळ्यांनी फुगलं असेल. यात महिने जातात. म्हणून आजवरच्या पाहण्यांतून एकच एक उत्तर निघालेलं नाही. जगणं मुख्यतः रोग किती पसरल्यावर सापडला यावर ठरतं, असं आम्हाला वाटतं.

कधी गाडी उलटीही चालते. कॅन्सर आधी असतो. त्याच्याशी लढता लढता जागल्या लहान मेंदूवर घसरतो. चालताना झोक जातो, बोलणं अडखळतं. कधी पापण्यांवर जांभळट डाग येतात, दंड-मांड्यांतला जोर जातो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. जाणता डॉक्टर अशा वेळी अंडाशयही तपासून पाहतो, कारण गाठ कधी कधी तिथे लपलेली सापडते.

पोटाची तक्रार दोन-तीन आठवडे रोजच राहिली, तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या दवाखान्यात दाखवावं. सोनोग्राफी आणि रक्ताची एक तपासणी करतात. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद सोबत न्यावेत. आईला किंवा बहिणीला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगावं. स्टिरॉईडची गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्याने जिवावर बेतू शकतं.

सेवाग्रामला 2010 पासून वर्धा जिल्ह्यातल्या कॅन्सर रोग्यांची नोंद ठेवतात. आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, सगळ्याच तालुक्यांची. नोंदणीची माणसं विचारायला आली, तर रोग कधी कळला ते त्यांना बरोबर सांगावं.