जागा वाढल्या, शिक्षणाचे व नोकरीचे काय?

हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका हे गाव आता दोन नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मधोमध आले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात अशा दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत हिंगोली व वाशीम ही दोन्ही होती. या दहांमुळे राज्यात एम.बी.बी.एस.च्या ९०० जागा वाढल्या. देशातील जागा २०१४ मध्ये सुमारे ५१ हजार होत्या. २०२४ पर्यंत त्या १ लाख १२ हजारांवर गेल्या. मराठवाड्यातील गोरगरिबांच्या मुलामुलींसाठी ही आनंदाची वार्ता आहे, याबद्दल आम्हांस शंका नाही.

तथापि जागा आदेशाने वाढतात. अनुभवी अध्यापक घडण्यास मात्र वर्षे लागतात. वैद्यक व परिचर्या या विद्या रुग्णाच्या खाटेशेजारीच शिकता येतात. म्हणूनच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांत १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी ४२० खाटांचे रुग्णालय आवश्यक मानले आहे. परिचर्या शिक्षणात एका विद्यार्थ्यामागे तीन खाटा असा दंडक आहे. खाटा रिकाम्या असतील वा अध्यापक अपुरे असतील, तर पदवी हाती पडते, पण हात तयार होत नाही. त्याची किंमत अखेर रुग्णच मोजतो.

दुसरा प्रश्न नोकरीचा. पदव्युत्तर जागा पदवीधरांहून कमी असल्याने अनेक तरुण डॉक्टर प्रवेश परीक्षेच्या तयारीतच वर्षे घालवितात. शासकीय महाविद्यालयातील पदवीधरास एक वर्षाची बंधनकारक सेवा असते. त्यानंतर कायम पद न मिळाल्यास तो शहराची वाट धरतो. ग्रामीण आरोग्यसेवेतील कित्येक पदे कंत्राटी आहेत. परिणामी खेड्याला डॉक्टर व परिचारिका हव्या असतात, आणि त्यांना तेथे स्थिर नोकरी मिळत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता पाहावी, संलग्न रुग्णालय स्वतः जाऊन पाहावे व मागील विद्यार्थी कोठे कामास लागले ते विचारावे.

ख्रिस्तसभेस हे क्षेत्र नवे नाही. डॉक्टर असलेल्या धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली कॅथलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना उभारली. १९६३ साली बंगळूरू येथे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दयाळू शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला उतारशाळेत नेले आणि पुढील शुश्रूषेसाठी पैसेही दिले. कौशल्य, रुग्णालय व वेतन या तिन्हींची तरतूद झाली, तरच वाढलेल्या जागा आजाऱ्यांच्या कामी येतील.