वैनगंगेची उत्तरवाहिनी व पोथ्यांची स्थलनिश्चिति

वैनगंगा दक्षिणेस वाहते, असें आम्ही चांद्याकडील दुय्यम शाळेंत मुलांकडून वर्षानुवर्षें घोकवून घेतलें. तें खोटें नव्हे. वर्धेच्या संगमापुढें ती प्राणहिता होऊन सिरोंचानजीक गोदावरीस मिळते. परंतु मार्कंडा येथें ती वळून उत्तरेकडे वाहते, हें नकाशावर बोट ठेवून दाखविण्याचें राहिलें. (चूक आमचीच.) पोथीच्या पुष्पिकेंत ‘उत्तरवाहिनी’ हा शब्द आल्यास तो नुसता पुण्यगौरव समजूं नये, मात्र काशीस गंगाहि उत्तरवाहिनीच, तेव्हां ग्रामनाम पाहिल्यावांचून मार्कंडा ठरवूं नये. शिवाय १९८२ सालीं गडचिरोली निराळा जिल्हा झाला व मार्कंडा तिकडे गेलें. जुन्या कागदांतील चांदा जिल्ह्याचें हें गांव आजच्या चंद्रपूरच्या नकाशांत शोधणाऱ्यास सांपडणार नाहीं.