सातबारा: गाव मालवणात, प्रत मुंबईत

कोकणात वारस वाढतात, पण वाटप होत नाही. त्यामुळे मालवणकडच्या माडाच्या बागेचा एकेक सातबारा सामायिक खातेदारांच्या नावांनीच भरतो, आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत. पूर्वी एका प्रतीसाठी गावी येऊन तलाठ्याला गाठावं लागे. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. चाकरमान्याची ती खेप वाचली, ही फार मोठी सोय आहे.

सातबाऱ्याचा उतारा असा अद्ययावत होतो: वारसाची किंवा खरेदीची नोंद ई-फेरफार प्रणालीत चढते. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि उतारा बदलतो. त्यावर तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी झाली की 15 रुपये भरून कोणालाही तो कुठूनही उतरवता येतो. प्रतीवर 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो. बँकेने किंवा खरेदीदाराने तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ उताऱ्याशी ताडून पाहावा, कारण छापील कागदात खाडाखोड करणं सोपं असतं.

महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर फुकट दिसणारा विनास्वाक्षरीचा उतारा केवळ माहितीसाठी आहे, कायदेशीर कामाला तो चालत नाही.